तिच्या नखांवरचा रंग कुणाला विचारून?

माझ्या भाचीने गेल्या वर्षी कॉलेजच्या लेडीज रूममध्ये बसून स्टीलच्या फुटपट्टीच्या कडेने स्वतःची दहा नखं खरवडली. त्या दिवशी तिची तोंडी परीक्षा होती. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तिची प्रोजेक्टची फाइल उघडायच्या आधी तिचे हात पाहिले आणि म्हणाले, "असले हात घेऊन नोकरी मागायला जाणार का? आधी साफ करून या." रांगेतल्या सगळ्या मुलामुलींसमोर. तिच्या स्वतःच्या मॅडम शेजारीच बसल्या होत्या. त्यांनी मान खाली घातली.

साधं नेलपेंट रिमूव्हर लावून कापसाने पुसलं की जातं. जेल पॉलिश तसं जात नाही. त्याचा वरचा थर आधी फाइलने घासावा लागतो, मग ॲसिटोनमध्ये भिजवलेला कापूस नखावर ठेवून वर फॉइल गुंडाळायची आणि दहा-पंधरा मिनिटं स्वस्थ बसायचं, तेव्हा कुठे ते सुटायला लागतं. घाईने ओरबाडलं तर रंगाबरोबर नखाचेही पापुद्रे निघतात. तिचे निघाले. दोन नखं इतकी पातळ झाली की भांडी घासताना कोमट पाणीसुद्धा सोसवेना. बोटाचं नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं, मुळापासून टोकापर्यंत नवं यायला सहा महिने लागतात. दहा मिनिटांच्या त्या शिस्तीची खूण तिने पुढे सहा महिने बोटांवर वागवली.

त्या नखांवर काय होतं, हे विचारावंसं कुणालाच वाटलं नाही. गेरूच्या रंगावर पांढऱ्या रेघांत वारली चित्र होतं. उजव्या अंगठ्यावर तारपा, म्हणजे फुंकून वाजवायचं वाद्य, वाजवणारा आणि बाकीच्या नऊ नखांवर हातात हात गुंफलेली माणसं. दोन्ही हात शेजारी धरले की नाचाचा फेर पूर्ण व्हायचा.

ती नखं रंगवली तेव्हा मी तिच्याबरोबर होते. बस स्टँडमागच्या गल्लीत, झेरॉक्सच्या दुकानाला लागून एक छोटा गाळा. आत एक टेबल, दोन खुर्च्या आणि भिंतीवर बाटल्यांची फळी. नखं करणारी मुलगी पंचवीस-सव्वीसची असेल. तिने आधी पुशरने क्युटिकल, म्हणजे नखाच्या मुळाशी असलेली कातडी, मागे सारलं, बफरने नखाची चकाकी घालवली, बेस कोट लावून हात जेल पक्कं करणाऱ्या लॅम्पखाली ठेवायला सांगितला. मग रंगाचे दोन हात, प्रत्येक हातानंतर पुन्हा लॅम्प. त्यानंतर तिने लायनर ब्रश उचलला. त्याला जेमतेम दहा-बारा केस असतील. वारलीतला माणूस म्हणजे टोकाला टोक जोडलेले दोन त्रिकोण, वर डोक्याचा ठिपका आणि हातापायांच्या चार रेघा. कागदावर सोपं वाटतं. पण नख सपाट नसतं, ते दोन्ही बाजूंना उतरतं, पुढे वाकतं, आणि ज्या बोटाला ते असतं ते बोट जिवंत माणसाचं असतं, सारखं हलतं. ती भाचीचं बोट आपल्या अंगठ्याखाली दाबून धरायची, श्वास रोखायची, एक रेघ ओढायची, मग श्वास सोडायची. करंगळीवर तीन माणसं, मधल्या बोटावर पाच. एका माणसाचा हात जरा जाड आला तर तेवढाच हात तिने ओल्या ब्रशने पुसून पुन्हा काढला. मला म्हणाली, "काकू, लॅम्पखाली जाईपर्यंत चूक सुधारता येते. एकदा पक्कं झालं की नाही." दहा नखांना अडीच तास लागले.

तांदळाच्या दाण्यावर गणपती काढणाऱ्याची बातमी आपल्याकडे फोटोसकट छापून येते. नखाने कागद दाबून उठावाचं चित्र काढायची एक जुनी कला आहे, नखचित्र म्हणतात तिला, त्याची प्रदर्शनं भरतात आणि लोक कौतुकाने बघायला जातात. मग नखावर काढलेलं चित्र कोणत्या हिशेबाने थिल्लर ठरतं? तोच सूक्ष्मपणा, तीच हाताची स्थिरता. वारली चित्र मुळात लग्नघरात सुवासिनींनी तांदळाच्या पिठाने भिंतीवर लिहायचं. डहाणूजवळच्या गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांनी ते कागदावर, कापडावर आणलं, जगभर नेलं आणि २०११ साली पद्मश्री मिळवली. पुढे ते साड्यांवर आलं, कपबश्यांवर आलं, सरकारी इमारतींच्या कुंपणांवर आलं. तेव्हा कुणी नाक मुरडलं नाही. एका मुलीच्या बोटांवर आलं तेव्हा ते 'साफ' करायची गोष्ट झालं.

मराठी माणसाला रंगाचं वावडं आहे असं मुळीच नाही. सोमवती अमावास्येला जेजुरीच्या गडावर जाऊन पाहा. भंडाऱ्याने माणसं केसापासून पायापर्यंत पिवळी होतात, पायऱ्या पिवळ्या, हवा पिवळी. देवीच्या भक्तिणी कपाळभर मळवट भरतात. त्याच्याइतका ठसठशीत मेकअप कुठल्याही फॅशन शोमध्ये दिसणार नाही. कोकणात दशावतारी कलाकार पेटारा उघडून देवळाच्या कडेला बसतात आणि स्वतःचा चेहरा स्वतः रंगवतात. शेतात राबणारा माणूस तासाभरात राणी होऊन उभा राहतो आणि गाव त्याला हात जोडतं. बालगंधर्वांनी तर रंगवलेल्या चेहऱ्याने, भरजरी शालूने अख्ख्या मराठी मध्यमवर्गाला नटायला शिकवलं. चांगल्या घरच्या बायका त्यांचं बघून केसांत गजरा कसा माळायचा, पदर कसा घ्यायचा ते शिकल्या. एका पुरुषाने स्त्री होऊन दाखवलेली ती रंगभूषा आपण आजही डोळ्यांत पाणी आणून आठवतो.

तेव्हा 'आपल्या संस्कृतीत असं भडक चालत नाही' हे खरं नाही. आपल्या संस्कृतीत भडक खूप चाललं आहे. फक्त त्या रंगाला कुणाची तरी परवानगी होती. भंडारा खंडोबाचा, मळवट देवीचा, दशावताराचा रंग जत्रेचा, नाटकाचा रंग तिसऱ्या घंटेपासून पडदा पडेपर्यंतचा. आणि बाईच्या रोजच्या अंगावरचा रंग नवऱ्याचा. कुंकू, हिरवा चुडा, जोडवी हे दागिने खरे, पण ते एक निवेदनही होतं: हिचा नवरा हयात आहे. तो गेला की त्याच दिवशी, चार बायकांनी मिळून, तिच्या कपाळाचा रंग पुसायचा आणि हातावर हात आपटून चुडा फोडायचा. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये ठराव करून ही प्रथा गावात बंद केली आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने हेरवाडचा कित्ता गिरवायला इतर ग्रामपंचायतींना परिपत्रक काढून सांगितलं. परिपत्रक काढायला २०२२ साल उजाडलं, यावरून बाईच्या अंगावरचा रंग किती पक्क्या मुठीत होता हे कळतं.

माझ्या आईच्या कपाळावरचं कुंकू माझ्यासमोर पुसलं गेलं आहे. म्हणून मला भाचीच्या नखांवरचा गेरू, तिच्या मैत्रिणीच्या पापण्यांवरची मोरपंखी रेघ, रेल्वेच्या डब्यात समोर बसलेल्या मुलीची जांभळी लिपस्टिक बघून आनंद होतो. तो रंग कुणाच्या जिवंत असण्याची किंवा मरण्याची निशाणी नाही. सण नसताना लावलेला, कुणी सांगितलेलं नसताना लावलेला, आज निळं वाटतंय म्हणून निळा. माझ्या मते खरी अडचण इथेच होते. बघणाऱ्याला त्या रंगावरून ही कुणाची कोण हे कळत नाही, आणि जे वाचता येत नाही त्याला तो 'भडक' म्हणतो.

आपले शब्दच बघा. पुरुष नीट आवरून आला तर तो 'टापटीप'. बाईने तेवढाच वेळ दिला तर 'नट्टापट्टा'. 'तोंड रंगवून आली', 'रंगरंगोटी', 'नटवी', 'उठवळ' हे शब्द उच्चारताना बोलणाऱ्याने तिचा स्वभाव, तिचं चारित्र्य, तिची अक्कल, सगळ्याचा निकाल लावलेला असतो. 'नखरेल' म्हणताना तरी आवाजात थोडं कौतुक असतं, बाकीच्यांत तेही नसतं. यातला एकही शब्द मी पुरुषाबद्दल सहज वापरलेला ऐकलेला नाही. मुलाने नखं काळी रंगवली, डोळ्यांत काजळ घातलं, तर त्याला थेट 'बायकी' म्हणतात. म्हणजे शिवी पुन्हा बाईच्याच नावाने.

'अशी मुलगी कामात काय लक्ष देणार' हा त्यातलाच प्रकार. फ्लोरेन्स ग्रिफिथ जॉयनर ही अमेरिकी धावपटू रंगीत, नक्षीदार, बोटाबाहेर चांगली लांब वाढवलेली नखं घेऊन धावायची. एके काळी दिवसा बँकेत नोकरी आणि रात्री लोकांचे केस आणि नखं करून तिने पोट भरलं होतं. १९८८ साली तिने १०० मीटर १०.४९ सेकंदांत आणि त्याच वर्षी सोल ऑलिंपिकमध्ये २०० मीटर २१.३४ सेकंदांत पार केले. हे दोन्ही विश्वविक्रम अजून कुणाला मोडता आलेले नाहीत. शकॅरी रिचर्डसन २०२३ मध्ये बुडापेस्टला १०० मीटरची जगज्जेती झाली, तिचीही लांब नखं सगळ्या जगाने पाहिली. सेकंदाचा शंभरावा भाग मोजला जातो त्या ठिकाणी नखांनी काही बिघडवलं नाही, आणि आमच्याकडे मार्केटिंगचं प्रोजेक्ट समजावून सांगताना बिघडवतात.

आता नियमांकडे येते, कारण हा प्रश्न नुसत्या आवडीनिवडीचा नाही. कॉलेजं, क्लासेस, बँका, शोरूम, शाळा या सगळ्यांकडे आता दिसण्याबद्दलचे नियम आहेत, काही लिहिलेले, बरेच तोंडी. माझं म्हणणं एकच आहे. नियम करणाऱ्याने त्यासमोर कारण लिहावं, आणि ते कारण कामातून आलेलं असावं.

कामातून आलेलं कारण असेल तर मी पहिली मान डोलावेन. रुग्णाला हात लावणाऱ्यांनी कृत्रिम नखं लावू नयेत आणि स्वतःची नखं अर्ध्या सेंटिमीटरच्या आत ठेवावीत असं जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९ च्या हातांच्या स्वच्छतेच्या मार्गदर्शक सूचनांत लिहिलं आहे. नखांखाली जंतू राहतात, हात कितीही धुतले तरी राहतात, अतिदक्षता विभागातल्या बाळाला त्याने जीव गमवावा लागू शकतो. ऑपरेशनच्या आधी नेलपॉलिश काढायला सांगतात, कारण बोटाला लावलेला पल्स ऑक्सिमीटर नखातून प्रकाश पाठवून रक्तातला ऑक्सिजन मोजतो आणि काळा-निळा रंग त्या मोजणीत घोटाळा करू शकतो. कणीक मळणाऱ्या हातांवर खडे चिकटवलेलं नख नको, ते डब्यात पडेल. लेथवर काम करणाऱ्याला लांब नख नको. हे नियम नर्सला लागू आहेत तसे वॉर्डबॉयलाही लागू आहेत, आणि ड्यूटी संपली की संपतात. त्यात कुणाचं चारित्र्य तपासलेलं नाही.

आता तोंडी परीक्षेला बसलेल्या मुलीच्या नखांना हा निकष लावून पाहा. काय कारण लिहाल? 'शोभत नाही' हे कारण नव्हे, ती परीक्षकाची आवड आहे. त्याने ती घरी जपावी.

हाच निकष उलट्या बाजूनेही लावायला हवा, नाहीतर मी अर्धंच बोलले असं होईल. जी व्यवस्था कॉलेजात रंग पुसायला लावते तीच नोकरीत रंग फासायला लावते. विमान कंपन्यांनी वर्षानुवर्षं हवाई सुंदरींची लिपस्टिक कोणत्या छटेची, नखं कोणत्या रंगाची हे ठरवून दिलं. व्हर्जिन अटलांटिक या ब्रिटिश कंपनीने मेकअपची सक्ती उठवली ती २०१९ मध्ये. अमेरिकेत ॲन हॉपकिन्स या अकाउंटिंग फर्ममधल्या कर्तबगार बाईंना भागीदारी हवी असेल तर चालणं-बोलणं बायकी ठेवा, मेकअप करा असा सल्ला मिळाला होता. त्यांचा खटला तिथल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९८९ मध्ये बाईने बाईसारखं दिसावं या अपेक्षेवर तिची बढती तोलणं हा भेदभाव आहे असं न्यायालयाने म्हटलं. ज्वेलरी शोरूममध्ये आठ तास उभी राहणारी मुलगी पगारातून स्वतःच फाउंडेशन आणते, कारण 'प्रेझेंटेबल' राहायचं असतं. तिला चेहरा धुऊन कामावर यायचा हक्क हवा. माझ्या भाचीला नखं रंगवून परीक्षेला जायचा हक्क हवा. दोन्ही एकच मागणी आहे.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ च्या तृतीयपंथीयांच्या हक्कांवरच्या निकालात वेशभूषा आणि दिसणं ही अभिव्यक्तीच आहे आणि तिला घटनेच्या १९(१)(अ) कलमाचं संरक्षण आहे असं मान्य केलं. निकाल एका विशिष्ट समूहासंदर्भात आहे, पण त्यातला विचार सगळ्यांच्या उपयोगाचा आहे: माणूस आपण कोण हे शब्दांनी सांगतो तसं अंगावरच्या कपड्याने आणि रंगानेही सांगतो. ज्यांनी आयुष्यभर चेहऱ्यावरच्या रंगासाठी दगड खाल्ले त्यांनी लढून मिळवलेलं हे वाक्य आपण सगळ्यांनी वाचायला हवं.

त्याच वर्षीचा दुसरा एक निकाल आपल्या मुंबईच्या चित्रपटसृष्टीशी जोडलेला आहे. तिथल्या रंगभूषाकारांच्या संघटनेचा १९५५ पासूनचा नियम होता की मेकअप आर्टिस्ट पुरुषच असेल, बायकांनी फक्त केशभूषा करावी. बाईच्या तोंडाला रंग लावण्याचा धंदासुद्धा बाईला बंद! चारू खुराना या रंगभूषाकार बाईंनी हे न्यायालयात नेलं आणि १० नोव्हेंबर २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने तो नियम घटनाबाह्य ठरवला. ५९ वर्षं बायका आरशासमोर बसत होत्या आणि ब्रश पुरुषाच्या हातात होता. रंग बाईने लावला तर चवचालपणा आणि पुरुषाने लावला तर व्यवसाय, हे गणित इतकी वर्षं राजरोस चाललं. आणि रंगाचा धंदा बंद केला की कुणाच्या पोटावर पाय येतो हे पाहायचं तर अफगाणिस्तानकडे पाहावं. तालिबान राजवटीने जुलै २०२३ मध्ये तिथली बायकांची पार्लरं बंद करायला लावली. सहावीपुढच्या शाळा आणि बहुतेक कचेऱ्या त्यांना आधीच बंद होत्या. बायकांनी बायकांसाठी चालवलेली आणि बायकांना मोकळेपणाने बसता येईल अशी उरलीसुरली जागा तेवढी होती. बायका काबूलच्या रस्त्यावर आल्या, तर त्यांच्यावर पाण्याचे फवारे मारले गेले.

माझ्या काही मैत्रिणी, ज्यांच्याबरोबर मी ऐन तारुण्यात मोर्चे काढले, त्या मला वेगळ्या बाजूने अडवतात. त्या म्हणतात, हा सगळा बाजार आहे; कंपन्या मुलींना सांगतात तुम्ही अपुऱ्या आहात आणि मग बाटली विकतात; तू त्याला स्वातंत्र्य कसलं म्हणतेस? या आक्षेपापुढे मी बराच वेळ थांबते, कारण त्यात तथ्य आहे. गोरं करण्याचं क्रीम आपल्या देशात १९७५ पासून विकलं गेलं आणि त्याच्या नावातला 'फेअर' २०२० मध्ये गेला. त्या क्रीमने माझ्या पिढीतल्या सावळ्या मुलींचं जे केलं ते मी विसरलेले नाही.

पण त्या क्रीममधला आणि हिरव्या आयलायनरमधला फरक मला ढळढळीत दिसतो. क्रीम सांगतं, तुझी कातडी चुकली आहे, ती दुरुस्त कर आणि दुरुस्त केली हे कुणाला कळू देऊ नकोस. हिरवी रेघ काहीच लपवत नाही. कुणाच्याही पापण्या जन्मतः हिरव्या नसतात, नखांवर जन्मतः तारपा नसतो. मी हे केलंय हे ती उघड सांगते. सावळ्या कातडीवर तर गडद निळा, केशरी, सोनेरी जसा उठतो तसा गोऱ्यावर उठत नाही. आणि समाजाची आवड नेमकी उलटी आहे, याचं मला दुःख होतं. तास-दीड तास खर्चून केलेला 'नॅचरल लुक', ज्यात दोन छटा उजळ केलेला रंग असतो, तो लग्नाच्या बघण्यात, इंटरव्ह्यूत, सगळीकडे सभ्य ठरतो. जो मेकअप खोटं बोलतो तो चालतो; जो खरं बोलतो त्याला फुटपट्टी दाखवली जाते.

पैशांचा मुद्दाही खरा आहे. भाचीच्या नखांना आठशे रुपये गेले, ते तिने शिकवण्यांतून मिळवलेले होते, पण आठशे म्हणजे कुणाच्या घरचा महिन्याचा गॅस. म्हणून दहावीपर्यंतच्या शाळेत गणवेशाबरोबर नखंही साधी ठेवायचा नियम असेल तर मला तो समजतो. बाकावर शेजारी बसलेल्या दोन मुलींच्या घरची परिस्थिती त्यांच्या बोटांवरून दिसू नये हे कारण प्रामाणिक आहे. पण तो नियम पाळून घेण्याची रीत? प्रार्थनेच्या रांगेत हात पुढे करायला लावणं, नखांवर पट्टी मारणं, ब्लेडने रंग खरवडणं, 'सिनेमात जायचंय का' असं सगळ्यांसमोर विचारणं. शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने २००९ मध्येच मुलांना शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ करायला मनाई केली आहे. घरी चिठ्ठी पाठवा, रविवारी रंग काढून ये म्हणा. तेवढं पुरतं.

आता त्या गाळ्यात परत जाते, कारण नखं रंगवणारीच्या कामाला मान द्या म्हणणाऱ्याने तिच्या कामाची जागा नीट पाहायला हवी. मी अडीच तास बसले आणि उठले तेव्हा डोकं जड झालं होतं. दार एक, खिडकी नाही, एसीच्या थंडाव्यासाठी दारही लावलेलं. ड्रिल मशीनने जुनं जेल घासताना जी बारीक पांढरी भुकटी उडते ती टेबलावर, तिच्या बाह्यांवर, पापण्यांवर बसते. तिने सर्जिकल मास्क लावला होता. त्याने ॲसिटोनची वाफ अडत नाही. जेल पॉलिशमध्ये ॲक्रिलेट जातीची रसायनं असतात. लॅम्पखाली ती पूर्ण कडक झाली तर फारसा त्रास नसतो, पण ओली असताना कातडीला वारंवार लागली किंवा स्वस्तातल्या लॅम्पने अर्धवट पक्की झाली तर ॲलर्जी धरते. बोटांची टोकं लाल होतात, सोलतात, भेगाळतात. पातळ ग्लोव्हजमधूनही ती रसायनं झिरपतात. ही ॲलर्जी एकदा जडली की सहसा जन्मभर राहते. आणि याच कुळातली रसायनं दातांच्या फिलिंगमध्ये आणि गुडघा बदलताना वापरायच्या हाडांच्या सिमेंटमध्ये असल्यामुळे, विशीत जडलेली ॲलर्जी साठीतल्या ऑपरेशनला आडवी येऊ शकते.

युरोपीय संघाने १ सप्टेंबर २०२५ पासून जेल पॉलिशमधल्या टीपीओ या घटकावर बंदी घातली. तो लॅम्पच्या प्रकाशात जेल कडक व्हायला मदत करतो. प्राण्यांवरच्या प्रयोगांत प्रजननाला अपाय दिसल्यामुळे त्याला हटवलं. आपल्याकडे २०२० चे कॉस्मेटिक्स रूल्स आहेत, पण ते बाटली बनवण्या-विकण्यापुरते. ती बाटली उघडून दिवसाचे दहा तास तिच्यावर वाकून बसणाऱ्या मुलीचा त्यात विचार नाही. दुकानं आणि आस्थापनांचा राज्याचा २०१७ चा कायदा मुळातच दहा किंवा अधिक माणसं कामाला असलेल्या जागांसाठी झाला. दोन मुलींचा गाळा त्याच्या जाळीतून केव्हाच निसटला. आयटीआयमध्ये कॉस्मेटॉलॉजीचा ट्रेड आहे, पण या मुलीसारख्या बहुतेक जणी पंधरा दिवसांचा खासगी कोर्स आणि यूट्यूब यांवर शिकतात. तिला बाटलीवरचं इंग्रजी वाचता येत होतं, त्यातले घटक काय करतात हे तिला कुणी सांगितलेलं नव्हतं.

नखं रंगवून घेणाऱ्या आम्ही सगळ्याजणी यात भागीदार आहोत. दर घासाघीस करून दोनशेवर आणला की ती स्वस्तातलं जेल आणणार, स्वस्तातला लॅम्प आणणार, एक्झॉस्ट फॅन पुढच्या दिवाळीवर ढकलणार. नगरपालिकांनी गाळ्याचा परवाना देताना हवा खेळती आहे का एवढं तपासलं, आयटीआयने या मुलींसाठी संध्याकाळचा महिनाभराचा स्वस्त वर्ग काढला, आरोग्य केंद्राने वर्षातून एकदा त्यांची बोटं तपासली, तरी खूप होईल. त्यासाठी आधी हे काम आहे, कसबी काम आहे, हे मान्य करावं लागतं. जो समाज नखांवरच्या चित्राला चवचालपणा समजतो तो ते काढणारीच्या फुप्फुसांची चौकशी करत नाही.

भाचीची नखं जूनमध्ये पूर्ववत झाली आणि ती पुन्हा त्या गाळ्यात गेली. मीही गेले. दार या वेळी उघडं होतं, टेबलावर भुकटी ओढून घेणारा छोटा पंखा आला होता. त्याचे हप्ते चालू आहेत, असं नखं करणारी मुलगी म्हणाली. या वेळी तिने काळ्यावर पैठणीचा मोर काढला. मी तिच्या हातांकडे पाहत होते. तिची स्वतःची नखं बारीक कापलेली आणि बिनरंगाची होती, उजव्या तर्जनीचं टोक सोललेलं. "तू नाही गं लावत?" मी विचारलं. "लावायचे, काकू. आता दोन महिने बंद ठेवलंय, डॉक्टर म्हणाले," असं म्हणून तिने बोट मुडपून घेतलं, आणि मोराच्या मानेसाठी निळी बाटली उघडली.